रविवारी खानापूरच्या रानात जाणाऱ्या आयटीवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात मी या सदरात एवढंच लिहिलं होतं की लॅपटॉपवर पोट भरणाऱ्या आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींनी दर सुट्टीला गोव्याला पळण्यापेक्षा वाटेत लागतं ते जांबोटी-कणकुंबीचं रान जरा थांबून बघावं. त्यावर भरपूर पत्रं आली. काही आनंदाची, काही रागाची, आणि नंदगडच्या एका काकूंचं तर असं की ते वाचून मी आधी आईला फोन केला आणि मग उत्तर लिहायला बसले. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, हिंदवाडीतल्या घरातनंच काम करते, त्यामुळे हे प्रश्न कुठनं येतात ते मला सांगावं लागत नाही. सगळ्यांना इथं जागा देता आली नाही, पत्रं थोडी छाटलीत, तेवढं समजून घ्या.

अक्का, मी वडगावचा, वय २६. कंपनी बेंगळूरची, काम घरातनं, टीम अमेरिकेतली. संध्याकाळी साडेसहाला बसतो ते रात्री तीनला उठतो. सकाळी अकराला जाग, जेवण, परत तीच खोली. आई शेजारणीला सांगते पोरगा घरातच असतो, म्हणजे तिला अजून वाटतंय की मला नोकरी नाही. शनिवार-रविवार झोपेत जातात. चोर्ला घाटातनं मित्रांबरोबर गोव्याला गेलोय पण ते रान गाडीच्या काचेतनं बघितलं तेवढंच. मला खरंच जायचंय. भीमगडचा एक मोठा ट्रेक मारू का?

मोठा ट्रेक नको. तुझा उत्साह मोडायचा नाही मला, पण महिनोन्‌महिने खुर्चीत बसलेलं अंग एका दिवसात डोंगर चढवलं की पुढचे चार दिवस गुडघे बोलतात आणि मग परत कोण जात नाही, हे मी माझ्या ओळखीत इतक्यांदा बघितलंय की आता पैज लावू शकते. दुसरं म्हणजे भीमगड हे अभयारण्य आहे, २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटर, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथं परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. आधी खानापूरला वन खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, कुठली वाट खुली आहे, कधी, बरोबर कोण येणार. पावसाळ्यात धबधब्यांच्या वाटा बंद ठेवतात, त्या बंदच असतात असं धरून चालायचं, रील टाकणारा कुठनं घुसला ते बघू नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शुक्रवारची शिफ्ट तुझी शनिवारी पहाटे तीनला संपते, तेव्हा तिथनंच उठून गाडी काढायची नाही. न झोपलेला माणूस घाटात गाडी चालवतो तेव्हा त्याचं त्यालाच कळत नाही की दोन सेकंद डोळा लागला, आणि चोर्ल्याच्या वळणांवर धुक्यात दोन सेकंद पुष्कळ झाले. शनिवार पूर्ण झोपेला दे. रविवारी जा.

सुरुवात घराजवळनं कर. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, ते जुन्या झाडांचं आवार, आहे की. तिथं सकाळी माणसं चालायला येतात आणि कानात हेडफोन घालून चालून घरी जातात, पण ती जुनी झाडं आणि त्यावरचे पक्षी याच्यासाठी तासभर नुसतं बसून बघ. फोनवर मर्लिन नावाचं फुकट ॲप मिळतं, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं, आणि आपल्या भागाचा संच आधी उतरवून ठेवला की रेंज नसली तरी चालतं. ते कधीकधी चुकतं, म्हणून पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नाव पक्कं धरायचं नाही. टेस्टिंगवालीचा सल्ला आहे हा.

मग कणकुंबी. मी सगळ्यांना पहिल्यांदा कणकुंबीलाच का पाठवते ते सांगते. माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती तिथनं पूर्वेला निघते, सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, पुढे कुडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. आणि याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात म्हादई उगवते, ती उलटी पश्चिमेला गोव्यात उतरते, तिथं तिलाच मांडवी म्हणतात, पणजीजवळ अरबी समुद्रात. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेल्या पावसातला एक थेंब इकडं जातो, एक तिकडं. कळसा-भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांचं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेवरनं कर्नाटक आणि गोव्याचं भांडण का पेटलं, २०१८ साली लवादाने निवाडा दिल्यावरही ते का विझलं नाही, हे तिथं उभं राहिलं की पेपरातल्या दहा बातम्यांपेक्षा लवकर कळतं.

आता माझं खरं म्हणणं. एक जागा धर आणि तिथंच परत परत जा. दर रविवारी नवीन धबधबा, नवीन पॉइंट, हे मला पटत नाही, ते टिकमार्क लावणं झालं आणि टिकमार्क आपण पाच दिवस लावतोच. एकाच ओढ्याची एकच वाट धरलीस तर मे महिन्यात तिथं काजव्यांनी भरलेलं झाड बघशील, जूनमध्ये तीच वाट ओळखू येणार नाही, सप्टेंबरात दगडांवर बारीक निळीजांभळी फुलं, आणि थंडीत ओढा इतका उतरलेला असतो की मधल्या दगडावर बसता येतं. पावसाच्या सुरुवातीला पहाटे अंधारातच शीळ-कस्तूर गातो, अगदी एखादं पोरगं चाल विसरत विसरत शीळ घालत चाललंय असं वाटतं. पहिल्या वेळी तुला नुसतं हिरवं दिसेल. कंटाळाही येईल, हात खिशाकडे जाईल. तसंच बसायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्या हिरव्यातनं शेकरू वेगळी दिसायला लागते, मोठी, तांबूस, शेपूट अंगाएवढं लांब, फांदीला मागच्या पायांनी लोंबकळून दोन्ही हातांत फळ धरून खाते आणि सालीचे तुकडे खाली आपल्या टोपीवर पडतात. कुठल्याही पॉइंटच्या यादीत हे मिळत नाही, तिचं झाड कुठलं ते ज्याला माहीत त्यालाच मिळतं.

आणि आईला एकदा संध्याकाळी साडेसहाच्या मिटिंगला शेजारी बसव. कॅमेरा बंद ठेवून. काय चाललंय ते तिला कळू दे.

मी शहापूरची, पुण्याच्या कंपनीत आहे, घरून काम. जांबोटीच्या पुढं गेलं की फोनला रेंज नसते आणि मला चक्क घाबरायला होतं. आमच्यात ऑन-कॉल असतं, म्हणजे सुट्टीतही फोन आला की काम बघायची पाळी, पण ज्या आठवड्यात माझी पाळी नसते तेव्हाही मॅनेजरचा मेसेज येतोच, "फक्त दोन मिनिटं" म्हणून. रानात बसले तरी डोक्यात तेच. मैत्रिणी म्हणतात फोन घरी ठेव. ठेवू का?

फोन घरी ठेवू नकोस. हे फोनमुक्तीचं जे काय चाललंय ना ते मला धोक्याचं वाटतं, रानात पाय मुरगळला तर उपयोगाला फोनच येतो. बऱ्याच जणांना माहीत नसतं की फोनमधलं जीपीएस रेंजवर चालत नाही, ते थेट उपग्रहाकडनं सिग्नल घेतं, त्यामुळे खानापूर तालुक्याचा नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला तर एअरप्लेन मोडमध्येही तू कुठं आहेस तो ठिपका दिसतो. दाट झाडीत आणि खोल दरीत तो ठिपका थोडा इकडंतिकडं सरकतो एवढंच. आणि एअरप्लेन मोड लावायचाच, कारण रेंज नसलेल्या जागी फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी खाऊन टाकतो. मदत लागली तर ११२, तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवरनं लागतो, पण मुळात कुठलंतरी नेटवर्क पाहिजे. म्हणून घरी कागदावर लिहून ठेव, कुठं चालले, बरोबर कोण, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत परत, आणि किती वाजल्यावर काळजी करायची. कागदावर म्हणजे कागदावर, व्हॉट्सॲपवरचं वेळेला सापडत नाही. एकटीने जाऊ नकोस. हे मी पोरग्यांनापण सांगते, तू मुलगी आहेस म्हणून सांगत नाही.

आता मॅनेजरचं. बघ, तुझी पाळी नसताना रविवारी तुझ्याशिवाय काम अडतं, तर अर्थ सरळ आहे, तिथं माणसं कमी आहेत नाहीतर जे तुला माहीत आहे ते कुठं लिहून ठेवलेलं नाही. पहिलं तुझ्या हातात नाही, दुसरं आहे. वारंवार काय बंद पडतं, पडल्यावर काय बघायचं, कुठली सर्व्हिस आधी रीस्टार्ट करायची, हे स्वच्छ लिहून टीमच्या पानावर टाक. मग गुरुवारी, शुक्रवारी संध्याकाळी नव्हे, गुरुवारी, सगळ्यांना दिसेल असं कळव की रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच मी नेटवर्कमध्ये नाही, पाळी अमक्याची आहे. "शक्यतो नसेन", "प्रयत्न करेन" असले शब्द घालायचे नाहीत, आपण मराठी माणसं नाही म्हणताना फार गोल बोलतो आणि समोरचा त्यात जागा शोधतो. मी असं कळवायला लागल्यापासनं माझ्यामागे एकही आग लागलेली नाही, कामं सोमवारपर्यंत थांबतात.

घाबरायला होतं ते पहिले एक-दोन तास होणार. खिशात फोन थरथरल्यासारखा वाटतो, काढून बघावं तर काही नाही. ते तुझं एकटीचं नाही, आपल्या धंद्यात सगळ्यांचं होतं.

आम्ही निपाणीचे. मे महिन्यात पहिल्यांदा रानात जाणार आहोत, मग परत जुलैमध्ये. जळवा, साप, गवे, सगळ्याची भीती आहे. थोडक्यात सांगा.

जळवा पावसाळ्यात, मे मध्ये त्रास नाही. जुलैमध्ये वाटेच्या कडेला एखाद्या पानाच्या टोकाशी वाकून बघा, दोऱ्याएवढी जळू मागच्या टोकावर उभी राहून हवेत डोकं फिरवत असते, तुमच्या श्वासाचा वास आणि पावलांचा हादरा तिला कळतो आणि ती तुमच्याकडेच वळते. बघण्यासारखं आहे ते खरंच. चावली तर दुखत नाही, पण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो म्हणून बराच वेळ रक्त येतं, घाबरायचं नाही. ओढायची नाही, नख सपाट धरून बाजूनं सरकवायची. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे कापडी मोजे मिळतात ते घ्या. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावतात, तुमच्या निपाणीत तंबाखूला तोटा नाही, पण मग त्या पायांनी ओढ्यात उतरू नका, बेडकांना ते विष आहे.

जळवांपेक्षा मला गोचिडांची काळजी जास्त, आणि त्या नेमक्या कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मे. माकडताप त्यांच्यामुळे होतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला, २०१६ ला घाटाखाली दोडामार्गात त्याची साथ आली होती, गोव्याच्या सत्तरीतही होतो, म्हणजे आपल्या दाराशीच आहे. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात लोळायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वन खात्याला कळवायचं. आणि पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला न विसरता सांगा की रानात गेलो होतो, हे एक वाक्य लोक सांगायचं विसरतात.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तो भाग हलू न देता सरळ खानापूरचा सरकारी दवाखाना नाहीतर बेळगावचं सिव्हिल. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. रानातला हिरवा चापडा त्यात येत नाही, म्हणून फांदीला हात लावायच्या आधी बघायचं. गवा दिसला तर थांबायचं, हॉर्न नाही, फोटोला पुढं जायचं नाही, तो हजार किलोच्या घरातला प्राणी आहे, तो जाईल तेव्हा आपण जायचं. अस्वलाच्या वेळेला, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी उशिरा, पायवाटेवर असू नका.

बाळ, मी नंदगडची. माझा मुलगा बेंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे. दोन महिन्यांतनं एकदा राणी चन्नम्मा गाडीने येतो, आल्या आल्या बॅग टाकतो आणि मित्रांबरोबर रानात जातो. संध्याकाळी येतो, जेवतो, झोपतो, रविवारी रात्रीची गाडी. मी विचारलं, काय करालास रे तिथं, तर म्हणतो डोकं शांत होतं. आम्ही सगळा जन्म रानाच्या काठाला काढला, डोक्यावरनं लाकडं आणली, पोरं शिकावीत म्हणून आणली. आता तो त्याच रानात हौसेनं जातो आणि आमच्याशी चार शब्द बोलत नाही. तू मागच्या वेळी लिहिलंस ते त्याने मला वाचून दाखवलं. तूच सांग आता.

काकू, नमस्कार करते. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

त्याची बाजू मला ठाऊक आहे ती आधी सांगते, मग तुमची घेते. दिवसभर तो इंग्रजीत बोलतो, कधी समोर न बघितलेल्या लोकांशी, प्रत्येक वाक्य तोलून, कारण कुठलं वाक्य वर्षअखेरीला पगारवाढीच्या वेळी उकरून निघेल सांगता येत नाही. शुक्रवारी रात्री गाडीत बसतो तेव्हा बोलणं नावाची गोष्टच त्याच्यात संपलेली असते. रानात त्याला कोण काय विचारत नाही. तुमच्यावर राग नाही त्याचा, तुमच्यापुढं हसून दाखवायचीही ताकद उरलेली नसते.

पण हे झालं कारण, आणि कारण बरोबर असलं म्हणून वागणं बरोबर होत नाही. त्यामुळे पुढचं त्याच्यासाठी आहे, तो वाचतोय म्हणून. भावा, तू ज्या रानात शांत व्हायला जातोस त्याची सगळ्यात जाणती माणसं तुझ्या घरात बसलेली आहेत. ऐन कुठला, किंजळ कुठला, कुठल्या लाकडाचा धूर डोळ्याला झोंबतो आणि कुठल्याची आग रात्रभर टिकते, हे तुझ्या आईला डोळे मिटून सांगता येतं. पहिल्या पावसानंतर वारुळाच्या मातीत अळंबी कुठं उगवते ते तिला माहीत आहे आणि ते कुठल्या ॲपमध्ये नाही. भारंगी कधी खुडायची, टाकळा किती कोवळा घ्यायचा, कुठली अळंबी खायची नाही. ते सगळं तिच्याबरोबर जाईल एक दिवस, आणि मग तू इंटरनेटवर लोकांचे फोटो बघून नावं लावत बसशील. पुढच्या वेळी मित्रांना सुट्टी दे. आईबाबांना घेऊन जा, गाडी हळू चालव, वही बरोबर ने.

आणि काकू, तुम्ही एक करा, त्याला "बोल की काहीतरी" म्हणू नका. त्याला म्हणा चल, अळंबी बघायला जाऊ. वाटेत बोलेल तो, चालताना माणसं आपोआप बोलतात.

मी इंजिनिअरिंगला आहे, वन्यजीव फोटोग्राफीची आवड. बारापेडे गुहेत जायचंय, जगात दुर्मीळ वटवाघळं आहेत म्हणतात. वाट सांगाल का?

वाट सांगणार नाही. पण का ते पूर्ण सांगते, कारण तुझी आवड खरी दिसते.

रॉटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला, मोठे कान नाकाच्याही पुढं आलेले, शेपटीचं टोक पडद्याबाहेर मोकळं. १९१३ साली शास्त्रात त्याची नोंद झाली ती याच बारापेडे गुहेतल्या वटवाघळांवरनं, आणि पुढं जवळजवळ नव्वद वर्षं जगात दुसरीकडे कुठं त्याची वस्ती सापडलीच नव्हती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. आपल्या खानापूरच्या एका गुहेनं इतकी वर्षं एक अख्खी जात सांभाळली, यापेक्षा मोठा अभिमान मला दुसरा नाही. दिवसा झोपलेल्या वटवाघळांवर टॉर्च मारला, फ्लॅश उडवला की ती घाबरून उडतात, ताकद वाया जाते, पिल्लं खाली पडू शकतात, आणि वारंवार झालं तर गुहाच सोडतात. शिवाय ती अभयारण्यात आहे, संशोधकांनाही परवानगी काढावी लागते.

तुझ्याकडनं दुसरी एक गोष्ट हवी आहे. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे साठवलेले असतात हे तुला माहीत असेल, तर फोटो टाकायच्या आधी ते काढायची सवय लाव आणि मित्रांना लाव. ऑर्किडचं झाड, धनेशाची ढोली, खवल्या मांजराचं बीळ, याची जागा जगजाहीर झाली की पहिल्यांदा गर्दी येते आणि मग चोर येतात. आयनॅचरलिस्ट नावाची निसर्गाच्या नोंदींची वेबसाइट आहे, तिच्यावर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर केली जाते, तिथं नोंदी टाक, अभ्यासाला उपयोगी पडतात.

मी भीमगडच्या आतल्या गावातला. गावाचं नाव छापू नका. तुमचं लिहिणं बेंगळूर-पुण्याच्या लोकांना गोड लागत असेल. तुम्हाला रेंज नाही म्हणून शांत वाटतं, आम्हाला रेंज नाही म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावता येत नाही. पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरनं रस्त्यापर्यंत न्यावा लागतो. तुम्ही लोक येता, स्पीकर लावता, बाटल्या फोडून जाता, आमची गुरं त्यावर पाय देतात. आणि आम्ही घराचं छप्पर दुरुस्त करायला लाकूड तोडलं तर आमच्यावर केस. हे पण छापा.

छापलं, दादा. एक शब्द बदलला नाही.

तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य मला लागलं आणि ते खरं आहे. आमच्यासाठी ती दिवसभराची सुट्टी आहे, तुमच्यासाठी ते रोजचं जगणं आहे. २०१० साली तुमच्या बाजूच्या आमगावात वर्षाला १०,००० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, बेळगाव शहरात पडतो त्याच्या सातपटीहून जास्त, आणि असल्या पावसात लाकडी साकव वाहून गेला की गाव तुटतं हे आम्ही वाचतो आणि विसरतो. अभयारण्यातल्याच तळेवाडीच्या कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत रानाबाहेर यायचं मान्य केलं, कुटुंबामागे १५ लाखांचं पॅकेज ठरलं. कुणी जावं, कुणी राहावं हे मी हिंदवाडीत बसून सांगू शकत नाही, ते तुम्हीच ठरवायचं, पण जो राहतो त्याला दवाखान्यापर्यंत जायची सोय मिळाली पाहिजे. रान वाचवायचं म्हणून माणूस वाटेत दगावला तर ते वाचवणं मला मान्य नाही. आणि डांबरी रस्ता झाला की त्याच रस्त्याने बाटल्यावाले रात्रीअपरात्री आत येतील ही भीतीही खोटी नाही. या दोन्हीचं उत्तर गावाच्या माणसांना विचारून काढायचं असतं, ते विचारणं होत नाही ही माझी तक्रार आहे.

आता इथं वाचणाऱ्या माझ्या आयटीवाल्या भावंडांना. स्पीकर न्यायचा नाही, ड्रोन न्यायचा नाही. आपला कचरा आपल्याबरोबर परत, आणि जाताना दिसेल तो दुसऱ्याचाही. वाटाड्या गावातलाच घ्या आणि तो सांगेल ते पैसे द्या, दीड लाखाचा फोन हातात धरून शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारी पोरं मी बघितलीत आणि मला तेव्हा फार लाज वाटली. गावात जेवलात तर त्याचेही पैसे द्या, ते नको म्हणतील, तरी द्या. गाडीत जागा असेल तर येताना बाजाराला निघालेल्या आजींना सोडा. आणि कोण आजारी दिसलं तर तुमची गाडी तिथं उभी आहे हे लक्षात ठेवा.

मी ३१ चा, चंदगडजवळचा, नोकरी बेंगळूरला. सगळं सोडून चोर्ल्याच्या बाजूला जागा घेऊन होमस्टे काढायचा विचार पक्का होत आलाय. तुमचं काय मत?

राजीनामा देऊ नकोस, अजून नको.

तुझ्या पत्रात नोकरीबद्दल पानभर आहे आणि रानाबद्दल दोन ओळी, त्यावरनं मला वाटतं तुला रान हवंय यापेक्षा तो मॅनेजर नकोय. तसं असेल तर आधी टीम बदल, कंपनी बदल, ते स्वस्तात होतं. रानाला औषध समजून गेलास तर सहा महिन्यांत त्याचाही राग येईल, कारण होमस्टे म्हणजे सकाळी पाचपासनं रात्री अकरापर्यंत लोकांच्या तक्रारी ऐकणं, गरम पाणी नाही, वायफाय नाही, चिकन तिखट झालं, आणि त्यात रविवारची सुट्टी तुला नाही. वरच्या दादांचं पत्र परत वाच, तू ज्यांच्या शेजारी जागा घेणार आहेस ती माणसं ती आहेत.

तरी मन त्यातच असेल तर असं कर. कंपनी घरून काम देत असेल तर जून ते सप्टेंबर जांबोटीच्या आसपास खोली भाड्याने घेऊन राहा. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल येते, लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, लॅपटॉपच्या की-बोर्डात बुरशी धरते, हे सगळं स्वतः बघ. जागेचा उतारा घेऊन तलाठ्याकडे जा आणि ती शेतीची आहे, वन खात्याची आहे की अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या बंधनाच्या पट्ट्यात आहे ते लेखी काढ, तोंडी कुणाचं ऐकू नकोस, विशेषतः विकणाऱ्याचं. वर्षभराचा खर्च बाजूला काढलेला असू दे, तोही आईवडिलांच्या दवाखान्याचे पैसे सोडून. सप्टेंबरनंतरही जायचं असेल तर मला परत लिही, तेव्हा कागदपत्रं बरोबर पाठव, मी आमच्या ओळखीच्या वकीलबाईंना दाखवते.